तापीच्या फुगवट्यात पॅडलबोर्ड घेऊन उतरायचंय? आधी जॅकेट घ्या, बोर्ड सगळ्यात शेवटी!

शिंदखेडा : मोबाईलवर रील बघता बघता एक व्हिडिओ हमखास समोर येतो. निळंशार पाणी, त्यावर लांबट पाटासारखा एक बोर्ड, बोर्डावर ताठ उभा माणूस आणि हातात लांब वल्हं. माणूस शांतपणे वल्हं मारत पुढे जातो. याला म्हणतात स्टँड अप पॅडलबोर्डिंग. हवाई बेटांवर वाढलेला हा खेळ आता तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, खाड्यांमध्येही खेळला जातो. मग आपल्या पोरांच्या मनात येणारच, की सुलवाडे बॅरेजमुळं तापीत लांबवर पाणी उभं आहे, तिथं का नाही जमणार?

जमू शकतं. पण घोळ होतो तो खरेदीत. पोरं आधी बोर्डाचा रंग बघतात, मग किंमत बघतात, ऑनलाइन ऑर्डर टाकतात. जॅकेटचा विचार पाण्यात उतरायच्या दिवशी होतो, नाहीतर होतच नाही. हे वरातीमागून घोडं झालं. बोर्ड हलका निघाला तर पैसे जातात, जॅकेट हलकं निघालं तर माणूस जातो. म्हणून खरेदीचा क्रम उलटा हवा : आधी पाणी समजून घ्या, मग जॅकेट, मग दोरी, मग बोर्ड आणि वल्हं. याच क्रमानं सगळं समजून घेऊ.

आपल्या लोकांना हे नवीन नाही

पाण्यावर काहीतरी तरंगतं टाकून त्यावर बसणं आपल्याकडं जुनंच. भोपळे बांधून पोहायला शिकलेली माणसं आजही गावात सापडतील. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे मच्छीमार राज्यातल्या कितीतरी धरणांत दिसतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिवधानोरा गावची मुलं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जात होती. २०२२ मध्ये ती बातमी आली आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

पॅडलबोर्ड म्हणजे त्याच तराफ्याचा सुधारलेला भाऊ. फरक एवढाच, की तराफ्यावर माणूस बसतो आणि बोर्डावर उभा राहतो. उभं राहिलं की तोल वर जातो आणि माणूस पडतो. शिकताना पहिल्या दिवशी दहा वेळा पडायचं हे धरूनच चालायचं. त्यामुळं सामान निवडताना “पडणार नाही” असा विचार करू नका, “पडल्यावर काय” असा करा.

पहिली गोष्ट : पाणी ओळखा

तापी वरून शांत दिसते, पण ती तळं नाही. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून ती येते, वाटेत चांगदेवजवळ पूर्णा मिळते, मग भुसावळ तालुक्यात हतनूर धरण लागतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. शिंदखेड्यात थेंबभर पाऊस नसला तरी वर बऱ्हाणपूर आणि मेळघाटाकडं पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडतात आणि ते पाणी आपल्याकडं येतं. मुडावदजवळ पांझराही तापीला मिळते. म्हणजे साक्री-धुळ्याकडं जोरात पाऊस झाला तरी संगमावर ओढ वाढते.

म्हणून पावसाळ्यात, आणि पावसाळा सरल्यावरही नदीत सोडलेलं पाणी ओसरेपर्यंत, बोर्ड घरातच ठेवा. त्या दिवसांत कितीही महाग सामान असलं तरी उपयोग नाही.

बॅरेजच्या दरवाजांजवळ तर कोणत्याच दिवशी जाऊ नका. वरच्या बाजूला ओढ असते. खालच्या बाजूला पडणारं पाणी जागेवरच उलटं फिरत राहतं. त्यात सापडलेली वस्तू पुन्हापुन्हा आत ओढली जाते. तिथं चांगलं जॅकेटही माणसाला वाचवेल याची खात्री नाही.

याशिवाय आपल्या नदीत चार गोष्टी असतात, ज्या रीलमध्ये दिसत नाहीत : शेतीच्या मोटारींचे पाइप आणि वीज केबल, मच्छीमारांची जाळी, पाण्याखाली गेलेल्या बाभळी आणि काठाचा गाळ. केबलच्या जवळूनही जाऊ नका, ओल्या अंगाला शॉक बसायला वेळ लागत नाही. जाळी कुठं लावली आहेत ते मच्छीमारांना आधी विचारा. त्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे. पाण्यात राहून त्यांच्याशी वैर नको, आणि अडचणीच्या वेळी होडी घेऊन सगळ्यात आधी तेच येणार आहेत.

शेवटचं म्हणजे वारा. उभा माणूस वाऱ्याला शिडासारखा अडतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ आणि वळीव कधी उठेल सांगता येत नाही. सकाळी लवकर उतरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर या.

दुसरी गोष्ट : लाईफ जॅकेट

माणसाचं शरीर पाण्यात बऱ्यापैकी तरंगतं. तोंड पाण्याच्या वर ठेवायला साधारण पाच किलोचा जास्तीचा आधार पुरतो. हा आधार न्यूटन या मापात लिहितात. सोपा हिशेब : १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो. जॅकेटवर ५० लिहिलं असेल तर पाच किलोचा आधार, १०० लिहिलं असेल तर दहा किलोचा.

५० वालं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. ते तरंगवतं, पण बेशुद्ध माणसाला उताणं करेलच असं नाही. १०० वालं जॅकेट मानेमागं जाड असतं आणि तोंड वर राहील असं वळवण्यासाठी बनवलेलं असतं. ज्याला पोहता येत नाही त्यानं ५० वर भागवू नये. खरं तर आधी पोहायला शिकावं, मग बोर्डाकडं बघावं. जॅकेटच्या आतल्या लेबलवर आयएसओ १२४०२ हा क्रमांक, न्यूटन आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे हे छापलेलं असतं. लेबलच नसेल तर ते जॅकेट नाही, नारंगी रंगाची बंडी समजा.

लेबल खोटं असू शकतं. म्हणून घरी एक परीक्षा घ्या. किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप जॅकेटला घट्ट बांधा आणि हौदात सोडा. लोखंडाचं वजन पाण्यात थोडं कमी भरतं, त्यामुळं ५० न्यूटनच्या जॅकेटनं ते आरामात धरायला हवं. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी जॅकेट माप घेऊन तळाला बसलेलं दिसलं तर आतला फोम पाणी पितो. दुकानदाराला परत करा.

मग माप बघा. जॅकेट घाला, सगळे बंद आवळा आणि कुणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते डोक्यातून निघून जाईल. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. “पुढच्या वर्षीही होईल” म्हणून आपण शाळेचा गणवेश मोठा घेतो, तसं जॅकेट घेऊ नका.

आणि शेवटचं : जॅकेट अंगात घातलेलं हवं. बोर्डावर बांधून ठेवलेलं जॅकेट म्हणजे पेटीत ठेवलेली छत्री.

तिसरी गोष्ट : दोरी, म्हणजे लीश

बोर्ड आणि माणूस यांना जोडणाऱ्या दोरीला लीश म्हणतात. माणूस पडला की बोर्ड मोकळा होतो, आणि वारा असला तर तो पोहणाऱ्यापेक्षा वेगानं दूर जातो. मग मधोमध माणूस एकटा राहतो. म्हणून उभ्या पाण्यात लीश हवीच. बोर्ड हाच सगळ्यात मोठा तरंगता आधार आहे.

पण इथंच एक जीवघेणी चूक होते. बोर्डासोबत जी लीश येते ती बहुतेक वेळा घोट्याला बांधायची असते. समुद्रात आणि तळ्यात ती चालते. वाहत्या पाण्यात ती बाभळीच्या फांदीत किंवा पुलाच्या खांबाला अडकली तर पाण्याचा जोर माणसाला आडवा धरून ठेवतो. पाय मागं ओढलेला, तोंड पाण्यात आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. अशा अडकण्यातून पट्टीचे पोहणारेही सुटत नाहीत.

वाहत्या पाण्यासाठी कमरेला बांधायची लीश वेगळी मिळते. तिला पुढं एक गोळा किंवा मूठ असते, ती ओढली की एका झटक्यात दोरी सुटते. आपलं पाणी नदीचं आहे, ओढ कधी वाढेल सांगता येत नाही. म्हणून तापीत उतरणाऱ्यानं कमरेचीच घ्यावी. काठावर डोळे मिटून, दोन्ही हातांनी आळीपाळीनं ती सोडवायचा सराव करावा. साधी सुतळी किंवा नाडा कमरेला गाठ मारून बांधू नका. ओली गाठ सुटत नाही.

चौथी गोष्ट : बोर्ड

बोर्ड दोन प्रकारचे : कडक आणि हवा भरायचा. कडक बोर्ड आत फोम, वरून फायबर असा असतो. पाण्यावर तो सरळ, वेगात जातो. पण तो दहा फूट लांब असतो. मोटारसायकलवर नेता येत नाही, घरात ठेवायला जागा लागते आणि दगडावर आपटला की टवका उडतो.

हवा भरायचा बोर्ड घडी घालून पाठीवरच्या पिशवीत मावतो. वजन साधारण ८ ते ११ किलो. त्याच्या वरच्या आणि खालच्या थरात हजारो धागे ताणून बसवलेले असतात, म्हणून हवा भरल्यावर तो गादीसारखा गोल न फुगता पाटासारखा सपाट राहतो. गावात वापरायला आणि नवशिक्याला हाच बरा.

माप कसं निवडायचं? नवशिक्यासाठी लांबी दहा ते साडेदहा फूट, रुंदी ३२ ते ३४ इंच आणि जाडी ६ इंच. रुंद बोर्ड हळू चालतो पण स्थिर राहतो. साडेअकरा-बारा फुटी अरुंद बोर्ड लांब पल्ल्याचे, ते नंतर. जाडी ४ इंच असेल तर किंमत कमी असते, पण जड माणूस उभा राहिला की तो मधे वाकतो आणि केळ्यासारखा होतो.

वजनाचा आकडाही बघा. “१५० किलो चालतं” असं लिहिलेलं असतं तेव्हा तेवढ्या वजनाला बोर्ड बुडत नाही इतकाच अर्थ घ्या. नीट उभं राहायचं असेल तर लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच थांबा. म्हणजे १५० लिहिलं असेल तर माणूस, सामान, सगळं मिळून १०० किलो. एका बोर्डावर मित्राला मागं बसवून डबलसीट जायचं नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, ऐन संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुषा इथं नर्मदेच्या फुगवट्यात माणसांनी गच्च भरलेली होडी उलटली आणि जीव गेले. पाणी कुणासाठीही जास्तीचं वजन माफ करत नाही.

हवा किती? ट्रॅक्टरवाल्याला लगेच कळेल

बोर्डात साधारण १२ ते १५ पौंड हवा लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला भरतो जवळपास तेवढीच. नक्की आकडा बोर्डावर, हवा भरायच्या वॉलजवळ छापलेला असतो, तोच खरा. सोबत हातपंप येतो. सुरुवातीला बराच वेळ पंपाचा काटा हलत नाही, तेव्हा पंप बिघडला असं समजून माणसं थांबतात. सुमारे पाच पौंड भरल्याशिवाय बहुतेक काटे हलतच नाहीत. अर्धवट हवेचा बोर्ड डगमगतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरनं भरायचा मोह टाळा. बोर्डाचा वॉल वेगळा असतो, आणि तिथली हवा इतक्या झपाट्यानं जाते की बोर्ड फुटायची भीती. तसंच आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्च भरलेला बोर्ड काठावर टाकून ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि जोड उकलतात. सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा.

पंक्चर शोधायचं असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. मात्र ट्यूबचं सोल्यूशन इथं चालत नाही. बोर्ड रबरी नसतो, पीव्हीसीचा असतो, त्याला पीव्हीसीचाच गोंद आणि ठिगळ लागतं. खरेदी करताना हे सामान सोबत आहे का ते विचारा.

बोर्डाखाली माशाच्या परासारखी पाती असते, तिला फिन म्हणतात. तिच्यामुळं बोर्ड सरळ जातो. ९ इंची लांब फिन उथळ पाण्यात दगडाला आणि जाळ्याला अडकते, आणि बोर्ड थांबला की माणूस पुढं तोंडावर पडतो. आपल्याकडं काठ उथळ आहेत, म्हणून काढता येणारी आणि सोबत आखूड, लवचिक फिन मिळणारी असेल तर तीच घ्या.

पाचवी गोष्ट : वल्हं

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त हवी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला साधारण १९० सेंटिमीटर. टेप नसेल तर वल्हं शेजारी उभं धरा आणि हात सरळ वर करा. वरची मूठ मनगटापाशी आली की माप बरोबर. लांबी कमी-जास्त करता येणारं वल्हं घेतलं तर घरातल्या सगळ्यांना चालतं.

ॲल्युमिनियमचं स्वस्त पण जड, फायबरचं मधलं, कार्बनचं हलकं आणि महाग. शिकायला ॲल्युमिनियमचं पुरे. फक्त ते पाण्यात तरंगतं का, हे हौदात टाकून बघा. बुडणारं वल्हं हातातून सुटलं की माणूस बोर्डावर नुसता उभा.

एक गंमत सांगायची तर नवशिके वल्हं हमखास उलटं धरतात. वल्ह्याचं पातं थोडं वाकलेलं असतं. ते वाकण पुढच्या दिशेला, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडं हवं. फावडं ओढतो तसं धरावंसं वाटतं, पण इथं उलट आहे.

जुगाड चालेल का?

ड्रम बांधून किंवा थर्माकोलला प्लास्टिक गुंडाळून बोर्ड करता येईल का, असं विचारणारे असतात. तराफा तरंगेल. पण थर्माकोल मधेच तुटतो, ड्रमचं झाकण ढिलं झालं की एका बाजूनं पाणी भरतं आणि तराफा अचानक उलटतो. कमरेइतक्या पाण्यात, काठाजवळ तोल शिकायला असा तराफा ठीक. खोल पाण्यात नाही. आणि जॅकेटच्या बाबतीत जुगाड कुठंच चालत नाही. पाण्याची रिकामी डबकी पोटाला बांधली तर माणूस पालथाही तरंगू शकतो.

बाकी किरकोळ, पण कामाचं

जॅकेटला बांधलेली शिट्टी हवी, कारण पाण्यावर हाकेपेक्षा शिट्टी लांब जाते. मोबाईलसाठी पाणी न जाणारी पिशवी गळ्यात घाला, बोर्डावर ठेवू नका. काठावर काच, बाभळीचा काटा आणि शिंपल्याची धार असते, म्हणून पायात घट्ट बसणारे बूट घाला, चप्पल नाही. डोक्याला टोपी किंवा रुमाल, सोबत पाणी. जीन्स घालून उतरू नका, भिजली की पायात दगड बांधल्यासारखी होते.

एकट्यानं जायचं नाही. काठावर एक माणूस हवा, त्याच्याजवळ लांब दोर आणि चार्ज असलेला फोन. तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, हे नंबर त्याला पाठ हवेत.

धंदा करायचा असेल तर

स्वतः शिकणं वेगळं आणि यात्रेला आलेल्या लोकांना पैसे घेऊन बोर्डावर उभं करणं वेगळं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. बॅरेजचं पाणी असल्यानं जलसंपदा विभागालाही आधी विचारावं लागतं. प्रशिक्षणासाठी गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं जीवरक्षकाचंही शिक्षण मिळतं.

गावातल्या चार-पाच पोरांनी मिळून एकच चांगला बोर्ड घेतला तरी चालतो, आळीपाळीनं शिकता येतं. जॅकेट मात्र प्रत्येकाचं वेगळं, त्याच्या अंगाच्या मापाचं. पैसे कमी पडत असतील तर बोर्ड पुढच्या हंगामात घ्या आणि या हंगामात जॅकेट घेऊन पोहणं पक्कं करा. जॅकेट तसंही वाया जात नाही. होडीतून पलीकडं जाताना, नदीतल्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह काढताना, गणपती विसर्जनाला, सगळीकडं ते कामाला येतं. गावात बोर्ड एकही नसला तरी चार चांगली जॅकेट असायलाच हवीत.